डावीकडची गोष्ट

लोक एका कानाने ऐकतात आणि दुसऱ्या कानाने सोडून देतात. माझा सोडून द्यायचा कान वेगळाच आहे, डावा. त्यात काही शिरतच नाही, त्यामुळे सोडायची कटकट नाही. लहानपणी मला ताप आला, कान फुटला, आईने लसणाचं तेल घातलं, आणि तो कान कायमचा बंद झाला. उजवाही पुढे कमी होत गेला. त्याला मशीन लावलं की समोरच्याचं बऱ्यापैकी कळतं. मशीन काढलं की माणसाचे फक्त ओठ हलतात आणि मी अंदाज बांधत बसते. हे सगळं आधीच सांगून टाकते, कारण पुढे जे झालं ते डावा कोणता आणि उजवा कोणता, एवढ्यावरूनच झालं.

माझं माहेर निमगाव सावा. अक्षदाचंही. दुसरीपासून आम्ही एका बाकावर. ती कायम माझ्या उजवीकडे बसायची. बाईंनी जागा बदलली तर भोकाड पसरून परत यायची. बाई फळ्याकडे तोंड करून शिकवायला लागल्या की ती माझ्या उजव्या कानाशी लागून सगळं पुन्हा सांगायची. मी दहावी पास झाले त्यात निम्मी मेहनत तिची आहे, हे मी आजही नाकारणार नाही.

खोडी काढायची असली की मात्र ती डावीकडे जायची. तिथे उभी राहून सगळ्या पोरींसमोर विचारायची, "स्नेहे, तू गाढव ना?" मी हसून मान हलवायची, "हो हो." पोरी खिदळायच्या. मग ती उजवीकडे येऊन काय विचारलं होतं ते सांगायची आणि मी तिच्या पाठीत धपाटा घालायची. त्यातून आमचा नियमच होऊन बसला. उजवीकडचं ते खरं, डावीकडचं धरायचं नाही. लग्नं झाली, पोरं झाली, तरी तो नियम मोडला नाही. "ही डावीकडची गोष्ट हां," असं ती म्हणाली की समजायचं, थट्टा आहे, मनावर घ्यायचं नाही.

आणि ते "हो हो". कमी ऐकू येणाऱ्या कुणालाही विचारा, तो सांगेल. एकदा "काय?" म्हटलं तर लोक पुन्हा सांगतात. दुसऱ्यांदा म्हटलं तर कपाळाला आठी पडते. तिसऱ्यांदा म्हटलं की "जाऊ दे" म्हणून हात झटकतात. त्या "जाऊ दे"चा मला फार राग येतो. त्यापेक्षा हसून मान हलवलेली बरी. मी एकदा "हो" म्हटलं म्हणजे मला ऐकू आलं. "हो हो" म्हटलं म्हणजे काहीसुद्धा ऐकू आलेलं नाही. हे जगात दोनच माणसांना माहीत होतं, आईला आणि अक्षदाला. नवऱ्याला अजून कळलेलं नाही. त्याच्या बऱ्याच गोष्टींना मी "हो हो" म्हणून मोकळी झालेली आहे.

पेठच्या अलीकडे हायवेला लागून आमची कंपनी आहे. मक्याचे दाणे आणि वाटाणा गोठवून परदेशात पाठवतात. लग्न होऊन मी मंचरला आले आणि तिथे पट्ट्यावर लागले. चालत्या पट्ट्यावरून दाणे वाहत जातात, दोन्ही बाजूंना बायका उभ्या असतात, काळा-किडका दाणा दिसला की उचलायचा. डोक्यावर टोपी, तोंडाला मास्क, हातात मोजे. अंगावर दुसरं काही चालत नाही. बांगडी नाही, मंगळसूत्र नाही, कानातलं नाही. मालात काही पडलं तर अख्खा कंटेनर परत येतो. गेटवर कुशाबाई एकेकीला चाचपून आत सोडते.

माझं मशीन टोपीखाली असायचं. कुशाबाई टोपीवरून हात फिरवायची, कानापाशी थांबायची आणि म्हणायची, "जा बये. कानातलं फूल सांभाळ." ऑफिसात मी कुणाला सांगितलं नव्हतं. सांगायचं तरी काय? दाणे डोळ्यांनी आणि हाताने निवडतात, त्यात कानाचं काय काम.

पुढे अक्षदा तिथेच एचआरला लागली. तिचं सासर अवसरीचं. कंपनीच्या गाडीत ती फाट्यावर चढायची. मी डाव्या रांगेत खिडकीशी बसून तिची जागा धरायची, म्हणजे बंद कान खिडकीकडे आणि चालू कान तिच्याकडे. अख्खी गाडी आम्हाला हसायची. कौसर, माझ्यासमोर पट्ट्यावर उभी राहणारी, म्हणायची, "नवराबायकूबी एवढं बोलत न्हाईत गं. बोलायला एवढं सुचतं तरी काय तुमाला?"

गेल्या हंगामात आमचे सुपरवायझर नोकरी सोडून चाकणला गेले. भर हंगाम, मका ट्रॉल्या भरभरून येतोय, आणि हॉलला माणूस नाही. मॅनेजर गुंजाळ साहेब म्हणाले, "नवीन माणूस मिळेपर्यंत स्नेहा बघेल." मी बघितलं. हॉलमध्ये गार हवा फेकणाऱ्या ब्लोअरचा आवाज असा असतो की चांगल्या कानाची माणसंही बहिरी होतात. आधीचे सुपरवायझर ओरडून ओरडून घसा बसवून घ्यायचे. मी ओरडलेच नाही. मूठ वर केली की पट्टा थांबवायचा, बोट गोल फिरवलं की वेग वाढवायचा, दोन्ही हात कानांवर ठेवले की चहाची सुट्टी. ती शेवटची खूण कौसरने काढली होती, मला चिडवायला. बायकांनी तीच उचलून धरली.

मला ते काम आवडलं. नुसतं आवडलं नाही, मला ती जागा हवी होती, आणि आजवर मी कशासाठी एवढा हट्ट धरला नव्हता. जन्मभर दुसऱ्याच्या तोंडाकडे बघून मान हलवत आले होते. आता हॉलभर बायका माझ्या हाताकडे बघत होत्या. हंगाम संपताना साहेब म्हणाले, "रीत म्हणून मुलाखती घेऊ, पण तुमचं नक्की समजा." हे मी मशीन लावून, समोर उभी राहून, नीट ऐकलं होतं. मी एकदाच "हो" म्हटलं.

त्यानंतर थोड्याच दिवसांत गाडीत अक्षदा म्हणाली, "स्नेहे, ऐक. उजवीकडचं सांगती."

"सांग की."

"कंपनीत समान संधीचा बोर्ड लावायचाय. दिव्यांगांचा कायदा हाय, विसाच्या वर माणसं असली की लावावाच लागतो. बाहेरच्या गिऱ्हाईकाची माणसं तपासायला येणार हायती. सायबांनी मला संपर्क अधिकारी केलंय."

"लई मोठी झालीस की."

"चेष्टा नगं. तुझं दिव्यांगाचं कार्ड दे. ऑफिसात नोंद करू. आसं मशीन लपवून किती दिस घालणार?"

"आत्ता नगं अक्षे. जागा मिळायच्या टायमाला कशाला उगं?"

"आगं, उलट! नोंद आसली तर तुला न्हाई म्हणताच येणार न्हाई. कानामुळं बढती आडवायची न्हाई, आसं कायद्यातच हाय. आन मी हाय ना तिथं. मी घेती सांभाळून."

ती हे उजवीकडून बोलली. त्या दिवशी ती खरंच बोलत होती असं मी अजूनही मानते. तसं मानल्यामुळे त्रास कमी होत नाही, उलट जास्त होतो. मी कार्ड दिलं.

गेटवर बोर्ड लागला. वर कायद्याचं नाव, खाली धोरण, आणि मधोमध माझा फोटो. टोपी काढायला लावून, केस मागे घेऊन, मशीन दिसेल असा काढलेला. आई मंचरला आली तेव्हा मी तिला मोबाईलवर तो दाखवला. ती म्हणाली, "निवडणुकीला उभी राह्यलीस का काय?" आम्ही दोघी खूप हसलो. तपासणीची माणसं आली, त्यांनी माझ्याशी हात मिळवले, बोर्डासमोर फोटो काढले आणि गेली.

त्यानंतर साहेबांनी मला वर बोलावलं. "स्नेहा, खाण्याच्या मालाच्या हॉलमध्ये कानात वस्तू घालून जाता येत नाही. आजवर आम्हाला माहीत नव्हतं, ती गोष्ट वेगळी. आता नोंद आहे, आता मला डोळेझाक करता येत नाही. गिऱ्हाईकाकडून परवानगी मागवू. तोवर हॉलमध्ये जाताना मशीन डबीत ठेवा."

म्हणजे कायदा यायच्या आधी मला ऐकू येत होतं. कायदा आला आणि माझा कान गेला. मी अक्षदाला म्हटलं, तर ती म्हणाली, "थोडं दिस कळ काढ. परवानगी येतीया." गेटवर कुशाबाईच्या हातात डबी देताना मला रडू येईल असं वाटायचं. तीही माझ्याकडे बघायची नाही.

मग तो दिवस आला. मी पट्ट्यावर होते, कानात मशीन नाही, ब्लोअर चालू. माझ्या डाव्या खांद्यावर हात पडला. वळून बघते तर अक्षदा. पांढरा कोट, टोपी, मास्क. ऑफिसची माणसं सहसा हॉलमध्ये उतरत नाहीत. पलीकडे गुंजाळ साहेब मोबाईल धरून उभे होते. मी उजवी बाजू तिच्याकडे करायला लागले, तर तिने खांद्यावरचा हात तसाच दाबून धरला आणि मोबाईलकडे बोट दाखवलं, की इकडे बघ. मी मोबाईलकडे बघितलं. ती डावीकडेच उभी राहिली आणि बोलायला लागली.

मला वाटलं, बोर्डाचंच काहीतरी असेल. फोटो झाला, आता व्हिडिओ. ती डावीकडे उभी आहे म्हणजे काही धरायचं नाही, नुसतं हसायचं आहे. साहेबांसमोर ही मला गाढव म्हणते की काय, असंही वाटून गेलं आणि मला हसूच फुटलं. मास्कवर तिचे नुसते डोळे दिसत होते. ते हसत नव्हते, हे मला आता आठवतं. तेव्हा मी त्यांच्याकडे नीट बघितलं नाही. मी मान हलवली, "हो हो" म्हटलं, आणि वर अंगठाही दाखवला.

संध्याकाळी गाडीत तिला विचारलं, "काय बोलत व्हतीस गं मगाशी?"

ती माझ्या उजवीकडेच बसली होती. खिडकीतून बाहेर बघत म्हणाली, "काय न्हाई. बोर्डासाठी व्हिडिओ. डावीकडची गोष्ट."

मी तिच्या पाठीत धपाटा घातला.

मुलाखती झाल्या त्या मला कळल्याच नाहीत. एका सोमवारी खेडहून एक गृहस्थ सुपरवायझर म्हणून आले, गुंजाळ साहेबांच्या ओळखीतले. ते पहिल्याच दिवशी ओरडायला लागले. मला निरोप आला, तुमची बदली गेटवर, हलक्या कामावर. कुशाबाईशेजारी खुर्ची टाकून दिली होती. बरोब्बर बोर्डाखाली. वर माझा हसरा फोटो, समान संधी, आणि खाली मी, येणाऱ्या-जाणाऱ्याला बघत बसलेली. बायका आत जाताना म्हणायच्या, "मजा हाय राव तुझी, बसून पगार." कौसर मात्र काही बोलायची नाही. ती जाताना दोन्ही हात कानांवर ठेवायची आणि डोळे पुसायची.

पहिल्याच दिवशी मी तडक वर गेले. साहेब म्हणाले, "तुम्हीच नको म्हणालात."

"मी? कवा?"

"रेकॉर्डिंग आहे. तरी तक्रार असेल तर रीतसर द्या. आपल्याकडे त्यासाठी संपर्क अधिकारी नेमलेला आहे."

संपर्क अधिकारी दाराजवळच्या टेबलावर बसली होती. माझ्या डोक्यात तिडीक गेली, पण अजून आशाही होती. वाटलं, ही आता उठेल, उजवीकडे येईल आणि सांगेल की काय घोळ झालाय. ती उठली नाही. खुर्चीकडे हात करून म्हणाली, "बसा ना, स्नेहाताई. आपली तक्रार काय आहे ती सांगा."

स्नेहाताई. बसा. आपली. शाळेपासून जिने मला स्नेहे, बये, गाढवे याशिवाय हाक मारली नव्हती, ती मला अहो-जाहो करत होती. तिथेच मला सगळं कळलं. मी तक्रार दिली. तिने ती घेतली, पोच दिली आणि "धन्यवाद" म्हणाली.

तक्रारीची बैठक ऑफिसच्या खोलीत झाली. एसीची बारीक घरघर सोडली तर शांतता होती. मी मशीन लावून गेले होते. साक्षीला कौसरला घेतलं होतं. तिने पट्ट्यापलीकडून सगळं बघितलं होतं. साहेबांनी भिंतीवरच्या टीव्हीला मोबाईल जोडला.

व्हिडिओत ब्लोअरचा आवाज होता, पण मोबाईलने अक्षदाचा आवाज बरोबर पकडला होता. ती विचारत होती, "स्नेहाताई, सुपरवायझरला भोंगा, गाड्यांचे हॉर्न ऐकू यावे लागतात. ते तुम्हाला जड जाईल, म्हणून ती जागा तुम्हाला नको आहे आणि गेटवरचं हलकं काम चालेल, असं तुम्ही स्वखुशीने सांगताय ना?"

आणि मी मास्कआडूनही कळेल अशी हसत होते. केवढी हसत होते! मान हलवून म्हणत होते, "हो हो." मग तो अंगठा.

साहेबांनी टीव्ही बंद केला. "बघा. आम्ही तुम्हाला नाकारलेलं नाही. तुम्ही नको म्हणालात. कायद्याचं आम्ही पुरेपूर पालन केलंय."

मला माझ्याच हसण्याची किळस आली. कशीबशी म्हणाले, "सायेब, ती कुठल्या बाजूला उभी हाय ते बघा."

"बाजूचा काय संबंध?"

"माझा डावा कान ठार बंद हाय. उजव्याचं मशीन तुमीच काढायला लावलं व्हतं. ती डावीकडं उभी हाय. तिला म्हायती हाय सायेब. दुसरीपासनं म्हायती हाय."

साहेब अक्षदाकडे वळले. "तुम्हाला माहीत होतं?"

मी तिच्याकडे बघत राहिले. मला जागा नको होती त्या क्षणी, खरं सांगते. मला एवढंच हवं होतं की तिने "हो" म्हणावं. एकदाच.

अक्षदा टेबलावरच्या पेनाचं टोपण काढत-घालत होती. म्हणाली, "सर, यांच्या कार्डवर दोन्ही कान असं आहे. त्यात डावा किती नि उजवा किती, हे मला कसं माहीत असणार?"

कौसर ताडकन उठली. "आगं ए! रोज गाडीत कुठल्या बाजूला बसतीस तू? सगळी गाडी बघती की! देवाला तरी भी!"

"गाडीतल्या जागेचा इथे विषय नाही," साहेब म्हणाले आणि बैठक संपली.

त्या दिवशी घरी येऊन मी खूप रडले. जागा गेली म्हणून थोडं रडले, बाकीचं सगळं अक्षदासाठी. गुंजाळ साहेबांचा मला राग आला होता, पण त्यांनी मला फसवलं असं मी म्हणणार नाही. त्यांना माझ्याबद्दल माहीतच काय होतं? मला कुठून गाठायचं, ती वाट जिला ठाऊक होती, तिनेच ती दाखवली. बाहेरच्या माणसाला मी अशी सापडलेच नसते.

मी पुण्याला दिव्यांग आयुक्तांच्या कार्यालयात तक्रार केली. तिथल्या बाईंनी मी आत जाताच आधी विचारलं, "कुठल्या बाजूला बसू?" मला तिथल्या तिथे हुंदका फुटला आणि त्या बिचाऱ्या घाबरून पाणी आणायला धावल्या. कौसरने जबाब दिला. कुशाबाईनेही दिला. तिची नोकरी जायची भीती होती, तर म्हणाली, "जाऊ दे. लई बायका चाचपल्या." कंपनीला नोटीस गेली. तशी कंपनीची भाषा बदलली. उत्तर आलं की आमचं धोरण उत्तम आहे, संमती घेण्यात चूक झाली असल्यास ती संपर्क अधिकाऱ्याची वैयक्तिक चूक आहे आणि त्यांच्यावर कारवाई करण्यात येईल. मशीनच्या परवानगीबद्दल विचारलं तेव्हा कळलं की ती कधी मागवलीच नव्हती. सुनावणीची तारीख लागली. तिथे माझं म्हणणं टिकलं तर ती जागा मला मिळण्याची आशा होती.

सुनावणीच्या आदल्या दिवशी काम सुटल्यावर मी कंपनीच्या गाडीने गेले नाही. पेठला थोडी खरेदी होती, ती करून थांब्यावर एसटीची वाट बघत बाकड्यावर बसले होते. अक्षदा आली. गेले कित्येक दिवस ती गाडीत पुढे ड्रायव्हरपाशी बसायची. चेहरा उतरला होता. ती आली ती सवयीने माझ्या उजवीकडेच बसली. मशीन माझ्या कानात होतं.

"स्नेहे," ती म्हणाली, "बोलशील का माझ्याशी?"

"बोल."

"मी कंत्राटावर हाय, तुला म्हायती हाय. कायम करतो म्हणले व्हते. सायेब म्हणले, लेखी नकार दिला तर कायद्यात आडकतो, तिच्याच तोंडून वदवून घ्या. मी न्हाई म्हणलं व्हतं आधी. आईची शपथ."

मी रस्त्याकडे बघत राहिले, एसटी येते का.

"आता माझ्यावरच ढकलत्यात. नोकरी जाईल, आन नाव खराब झाल्यावर दुसरीकडं कोण घेईल? उद्या तिथं एवढंच सांग, की अक्षदानं व्हिडिओच्या आदल्या दिवशी गाडीत मला समदं इचारलं व्हतं. उजवीकडून. मी समजून उमजून हो म्हणले. एवढंच. तुझी जागा काय, आज ना उद्या मिळंल. मी सोता सायबांच्या मागं लागीन." तिने माझा हात धरला. "आन मला माफ कर गं. कर ना. केलंस ना माफ?"

तिचा हात मला नवीन नव्हता. त्याच हाताला धरून मी शाळेच्या वाटेवरचा ओढा ओलांडला होता. तो झिडकारणं मला जमलं नाही. पण तिने माझ्याकडे काय मागितलं होतं, ते मला कळत होतं. माझी जागा तर मागितलीच होती, वर आमची उजवी बाजूही मागत होती. आमच्यात खरं म्हणून जे काही उरलं होतं तेही तिला खोट्याच्या कामाला लावायचं होतं.

मी हात सोडवून घेतला आणि उठले. उजव्या कानातलं मशीन काढलं, बंद केलं, डबीत ठेवलं, डबी पर्समध्ये टाकली. हायवेच्या ट्रकांचा आवाज गेला. ती बघत होती. मग मी बाकड्याला वळसा घालून तिच्या पलीकडे जाऊन बसले. आता ती माझ्या डावीकडे होती.

मी म्हटलं, "हां. आता परत सांग. काय म्हणत व्हतीस?"

तिचे ओठ हलले. थोडे हलले आणि थांबले. पुन्हा हलले, यावेळी बराच वेळ. काय म्हणाली मला माहीत नाही. माफी पुन्हा मागितली असेल, जबाबाचं सांगितलं असेल, किंवा शिव्या घातल्या असतील. बोलून झाल्यावर ती माझ्या उत्तराची वाट बघत राहिली.

मी तिच्याकडे बघून हसले. मान हलवली.

"हो हो," म्हटलं.

तिला कळलं. आईनंतर ते कळणारी तीच एक होती. तिने तोंडाला पदर लावला आणि तिचे खांदे हलायला लागले. तेवढ्यात मंचरची एसटी आली, तशी मी पिशवी उचलून गाडीत चढले.